मदनेमामांची गिनती

"एक कमी हाय, बाई."

मदने शिपाई दिंडी दरवाजाला पाठ लावून उभे होते. मोठ्या लोखंडी फाटकातलं ते लहानसं दार, एका वेळी जेमतेम दोघी बाहेर पडतील एवढं. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. माझ्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात मुलींनी दिलेला चिवड्याचा डबा, आणि साडेपाचची एसटी गाठायची होती.

"काय कमी आहे?"

"पोरगी. सकाळी एकशे सदतीस आत आल्या. भाईर एकशे छत्तीस गेल्या."

साल त्रेसष्ट. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस. आता कुलूप लागलं की तेवीस दिवस ते उघडणार नव्हतं.

माणगिरीच्या कन्याशाळेची ती इमारत मुळात संस्थानचा तुरुंग. संस्थान विलीन झालं, कैदी जिल्ह्याच्या तुरुंगात हलवले आणि रिकाम्या तुरुंगाचं करायचं काय, असा प्रश्न पडला. कुणीतरी म्हणालं, मुलींची शाळा काढा. मुलांची शाळा तिथं काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मुलींना मात्र उंच भिंती बऱ्या, असं त्या वेळच्या शहाण्या मंडळींना वाटलं असावं. तीन नंबरच्या बराकीत आठवीचा वर्ग भरायचा. कैदी जिथं सतरंज्या विणायचे त्या कारखान्याच्या लांब खोलीत चित्रकला आणि शिवण. जेलरच्या कचेरीत मुख्याध्यापिका. भिंतीत बेड्या अडकवायच्या कड्या होत्या, त्यांना मुली दप्तरं टांगायच्या. मागच्या बाजूला चार अंधारकोठड्या होत्या. त्यांत आम्ही नकाशे, मोडकी बाकं आणि संमेलनाचे पडदे कोंबून ठेवले होते.

इमारतीबरोबर शाळेला मदनेही मिळाले. तुरुंगात ते सतरा वर्षं पहारेकरी होते. कैदी गेले, मुली आल्या, मदन्यांनी आपला शिरस्ता काही सोडला नाही. सकाळी दिंडीतून आत येणारी प्रत्येक मुलगी ते मोजत आणि संध्याकाळी बाहेर पडणारीही मोजत, तुरुंगातल्यासारखीच, जोडीजोडीनं. "जोडी... जोडी... जोडी..." असा त्यांचा एकसुरी आवाज रोज सुट्टीनंतर पाच मिनिटं चालायचा. मग ते कचेरीच्या दारात येऊन टाच जुळवून सांगत, "गिनती बराबर." मुलींना त्यात गंमत वाटे. त्या त्यांना मदनेमामा म्हणत आणि मुद्दाम तिघीतिघी दारात घुसून त्यांचा हिशेब चुकवू बघत. तो कधी चुकला नाही.

मला मात्र त्या गिनतीची शरम वाटायची. मी पुण्याहून आलेली, पंचवीस वर्षांची, भूगोल शिकवणारी आठल्येबाई. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय हो बाई, तुमच्या मुली शाळा सुटून जातात की शिक्षा भोगून?" मी तेव्हाच ठरवलं होतं की हा प्रकार बंद पाडायचा. पण आमच्या मुख्याध्यापिका, थोरल्या बाई, हसायच्या. म्हणायच्या, "मोजू दे गं त्यांना. मोजल्यानं कुणी झिजत नाही." त्या दिवशी थोरल्या बाई आदल्याच सकाळी गावी गेल्या होत्या आणि शाळा माझ्या ताब्यात होती.

"चुकलं असेल तुमचं," मी म्हणाले. "आज फराळाची गडबड होती. एखादी आधीच गेली असेल."

"आधी दोगी गेल्या. पोटात दुकतंय म्हनून एक, आन् एकीला तिचा चुलता न्यायला आलता. त्या धरल्यात."

"मग सकाळी चुकलं असेल."

"सतरा वर्सं तिकडं आन् बारा वर्सं हितं," मदने म्हणाले. "न्हाई चुकलं."

"हे बघा, माझी गाडी आहे. किल्ल्या इकडे द्या, मी कुलूप लावते. तुम्ही घरी जा."

"न्हाई देनार."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला उलट उत्तर दिल्याचं माझ्या कानावर नव्हतं. माझा पारा चढला. मी त्यांना वर कळवीन म्हणाले. ते म्हणाले, "कळवा. गिनती जुळल्याबिगर दार लागत न्हाई."

आमचा आवाज चढला तसा फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखालून एक गृहस्थ उठून आले. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका, पायात नव्या वहाणा. दिंडीतून आत न येता ते उंबऱ्याबाहेरच थांबले आणि अदबीनं हात जोडून म्हणाले, "बाई, मी रंगराव पिसाळ. बोरजाईवाडीचा. आमची शालन अजून आली न्हाई भाईर. तीन वाजल्यापास्नं बसलोय. म्हटलं, तुमच्याकडं काय काम करत आसंल."

शालन पिसाळ आठवीत होती. गावात आत्याकडे राहून शिकायची. नकाशात नद्या भरायला दिल्या की सगळ्या वर्गात तिच्या नद्या उगमापासून मुखापर्यंत नीट पोचायच्या. ती दुपारी फराळाला होती का, ते मला आठवेना. मी मदन्यांकडे बघायचं टाळलं आणि बॅग खाली ठेवली.

रंगरावांना तिथंच थांबायला सांगून आम्ही शोधायला लागलो. बराकी, कारखाना, विहिरीकडचा भाग. मदने पुढे, मी मागे. ते प्रत्येक ठिकाणी आधी उंबऱ्यात उभे राहून कोपरे बघत, मग आत शिरत. मी "शालन, शालन" अशा हाका मारत होते. उत्तर येत नव्हतं. विहिरीपाशी मदने वाकून बराच वेळ खाली बघत राहिले.

राहता राहिल्या कोठड्या. पहिल्या तीन दारांना नुसत्या कड्या होत्या. चौथ्याला कुलूप होतं.

"ह्ये कुनी लावलं?"

"मीच," मी म्हणाले. "दुपारी. नकाशे ठेवले आणि लावलं."

"आत बगितलं हुतं?"

मी बघितलं नव्हतं. दारातूनच नकाशांच्या गुंडाळ्या भिंतीशी उभ्या केल्या होत्या. मदन्यांनी किल्ली लावली. त्या दाराला आतून कडी नव्हती, खिडकी नव्हती, वर छताजवळ वीतभर झरोका तेवढा होता.

नकाशांच्या आणि गुंडाळलेल्या पडद्यांच्या मागे, कोपऱ्यात, शालन गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. उजेड आला तसे तिनं डोळे मिटले. तेवीस दिवस. मी उभ्या उभ्या तेवीस दिवस मोजले.

"शालन! अगं, इथं काय करतेस?"

ती उठून उभी राहिली. परकराची धूळ झटकली.

"मी कुलूप लावलं ते कळलं नाही का तुला?"

"कळलं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, नाना वाट बगून बगून जातील."

"आणि मग? मग काय करणार होतीस?"

"मग न्हाई ठरवलं," ती म्हणाली.

मदन्यांनी कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला. तिनं तो सोबत आणला होता. रिकामा होता.

"कशासाठी पण हे सगळं?"

"सोयरीक ठरवलीया त्यांनी. तुळशीचं लगीन झालं की माझं." मग ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "बाई, तुमी सांगा ना नानांना. तुमचं ऐकतील. तुमी बाई हाय."

आता मी खरं तेच सांगते, कारण खोटं सांगायचं वय उलटून गेलं आहे. त्या क्षणी माझ्या मनात त्या मुलीच्या लग्नाचा विचार आला नाही. माझ्या मनात आलं की आठल्येबाईंनी एका मुलीला अंधारकोठडीत कोंडलं, ही बातमी उद्या गावभर होईल. थोरल्या बाई काय म्हणतील, संस्था काय म्हणेल. तिला लवकरात लवकर बापाच्या हवाली करावं आणि कुणी काही विचारायच्या आत गाडी गाठावी, एवढंच मला सुचलं. मी तिच्या केसातली जळमटं काढली, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "चल. दिवाळीनंतर बोलू आपण. मी बोलेन त्यांच्याशी."

रंगराव दिंडीपाशी होते. लेकीला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला, ते मला दिसलं. वाईट माणूस नव्हता तो.

"कुठं हुती गं?"

"वाचनालयात झोप लागली होती तिला," मी म्हणाले.

शालननं माझ्याकडे बघितलं. मी थाप मारली ते तिला अर्थातच कळलं. कुणाला वाचवायला मारली, तेही कळलं असणार. ती हुशार मुलगी होती.

मी तिचा हात धरून तिला दिंडीकडे नेलं. मदने दारात आडवे उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघून, मुलींशी ते कधी बोलत नसत अशा जुन्या, कडक आवाजात विचारलं,

"नाव?"

ती बावरली. "शालन रंगराव पिसाळ."

"कुठं जानार?"

ती गप्प.

"कुनासंगं जानार?"

ती बापाकडे बघेना. माझ्याकडे बघत राहिली. रंगरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आवो, माझ्यासंगं जाईल, आनिक कुनासंगं! ह्ये काय इचारनं झालं?"

"तिला बोलू द्या," मदने म्हणाले. "पोरी, तुज्या तोंडानं सांग."

माझ्या डोक्यात तपासणीवाल्या साहेबाचं हसू होतं, गाडीची वेळ होती, आणि ही मुलगी तोंड उघडून कोठडीचं बोलून बसेल ही धास्ती होती.

"मदने," मी ओरडले, "हा तुरुंग नाही! शाळा आहे ही. तिचे वडील न्यायला आलेत. बाजूला व्हा."

मदने बाजूला झाले. मी शालनचा हात रंगरावांच्या हातात दिला. ती दिंडीतून वाकून बाहेर गेली. मागे वळून बघितलं नाही तिनं.

मदन्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं. त्या दिवशी त्यांनी टाच जुळवली नाही की "गिनती बराबर" म्हटलं नाही. मी बॅग आणि चिवड्याचा डबा उचलला आणि एसटी गाठली. पुण्याला आईनं माझ्या आवडीच्या करंज्या केल्या होत्या. दिवाळी छान गेली, ते कशाला लपवू?

सुट्टी संपली. शाळा उघडली. पहिल्या दिवशी शालन आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं तिची आत्या येऊन दाखला मागून गेली. जाताना पेढे ठेवून गेली.

त्या संध्याकाळी सगळ्या मुली गेल्यावर मी दिंडीपाशी गेले. मदने बाकावर बसले होते, मला बघून उठले.

"मदने, त्या दिवशी तुम्ही तिला काय ते विचारत होता?"

ते म्हणाले, "तुरुंगातला कायदा हुता तो, बाई. लिवल्याला न्हवता. आमच्या म्हाताऱ्या जेलरसायबानं घातल्याला. म्या नवीन लागलो तवा एक बाई सुटली. चोरीत सापडल्याली, वर्साची सजा. तिचं दीर न्यायला आलं. कागद बराबर हुता, सही बराबर हुती, आमी दिली त्यांच्या हवाली. तिनं चार पावलं टाकून मागं बगितलं. म्या दारात हुतो. तिसऱ्या दिशी तिला हिरीतनं काडली."

त्यांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा बाकावर ठेवला.

"तवापास्नं सायबांनी कायदा केला. भाईर जानाऱ्याला दारात तीन गोष्टी इचारायच्या. नाव काय, कुठं जानार, कुनासंगं जानार. त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं तरच दार उघडायचं. न्हाई बोलला तर परत आत न्हेऊन बसवायचा, भाकरी द्यायची, आन् सायबाला बोलवायचं. बाप आसूं द्या, न्हाईतर नवरा आसूं द्या. चोराला इचारलं, दरोडेखोराला इचारलं. खुन्याला इचारलं बगा म्या, वीस वर्सं भोगून सुटल्याल्या. बोलला न्हाई त्यो. तीन दिस ठिवून घेतला."

"मग मला का नाही सांगितलंत हे? त्याच वेळी?"

"तुमी म्हनला, हा तुरुंग न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "खरंच हाय त्ये. तुरुंग आसता तर सोडली नसती म्या."

मी कचेरीत जाऊन दार लावून रडले. पुढच्या रविवारी बोरजाईवाडीला गेले. रंगरावांनी मला बसायला घोंगडी दिली, गुळाचा चहा दिला. शालनचं लग्न होऊन ती नदीपलीकडच्या गावी गेली होती. नवऱ्याची पहिली बायको वारली होती, पदरात दोन लहान मुलं होती. "घर चांगलं हाय, बाई," रंगराव म्हणाले. "पंधरा एकर बागायत. पोरगी सुखात हाय." मी तिला भेटायला नदीपलीकडे गेले नाही. जाऊन काय बोलणार होते?

मदने पाच वर्षांनी निवृत्त झाले आणि वर्षाभरात गेले. पुढं मी मुख्याध्यापिका झाले. एकोणनव्वदमध्ये शाळा गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली. जुन्या इमारतीत आधी तहसिलीचा दप्तरखाना आला, मग मतपेट्यांचं गोदाम. आता तिथं संग्रहालय झालं आहे. गेल्या वर्षी उद्घाटनाला मला बोलावलं होतं. चांगली डागडुजी केली आहे. बराकींवर पुन्हा बराकींच्या पाट्या लागल्या आहेत. चौथ्या कोठडीत प्लॅस्टरचा कैदी जात्याशी बसवला आहे आणि लहान मुलं त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात. आमच्या शाळेच्या अडतीस वर्षांची एका फलकावर दीड ओळ आहे. एका तरुण अधिकाऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, तुरुंगाची शाळा झाली, ज्ञानाचा प्रकाश आला, त्याबद्दल दोन शब्द बोलाल?" मी घसा बसल्याचं सांगितलं.

बोलले असते तर एका दुपारचं बोलावं लागलं असतं. एकोणऐंशीचा जून होता, प्रवेशाचे दिवस. कचेरीबाहेर पालकांची रांग लागली होती. एक बाई आत आली. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, तिशीतच केसांत पांढऱ्या बटा. तिच्या मागे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती.

"पाचवीत नाव घालायचंय," ती म्हणाली.

मी अर्ज पुढे ओढला. मुलीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. आईचं नाव विचारलं.

"शालन."

माझं पेन थांबलं. मी वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, त्या दिवशी दिंडीपाशी बघत होती तशीच, सरळ.

"शालन," मी म्हणाले. सोळा वर्षं मी मनातल्या मनात जे घोकलं होतं त्यातला एक शब्द आठवेना. "शालन, त्या दिवशी माझी... मी तुला विचारायला हवं होतं. मी खोटं बोलले. माझी चूक..."

"त्ये ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. रागानं नाही. भाजी घेताना नको असलेली जुडी बाजूला सारावी तसं. "त्या लई लांबच्या गोष्टी झाल्या. पोरगी हुशार हाय माजी. हितंच माज्या आत्याकडं ऱ्हाईल. तिच्या सोयरिकीचं घरी कुनी काडत न्हाई अजून, पन दोन-तीन वर्सांत सुरू हुईल. तवा कुनीतरी न्यायला येईल बगा."

"मी नाही देणार," मी म्हणाले. "शपथ घेऊन सांगते. तिचे वडील आले तरी नाही देणार. तू येशील तेव्हाच."

शालननं मान हलवली. तिनं मुलीला पुढे ओढलं, माझ्या टेबलासमोर उभं केलं आणि तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले.

"तसं नगं, बाई. बाप आला, आजा आला, कुनीबी आला तरी आदी हिला इचारा. हिच्या तोंडानं हो म्हनली तरच सोडा." तिनं मुलीच्या खांद्यांवरचे हात काढून घेतले. "मी आले तरी इचारा. मला घरात काय काय ऐकून घ्यावं लागंल, आन् मी कशी आसंन तवा, माजं मलाच सांगता येत न्हाई."